उद्योगाचे अर्धे शहाणे

पेशवाईच्या उत्तरकाळात लोकांनी साडेतीन शहाण्यांची जी गणना केली, तीत सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाच्या दरबारातील विठ्ठल सुंदर हे तिघे पूर्ण शहाणे ठरले. नाना फडणवीस मात्र अर्धेच राहिले. परंपरा त्याचे कारण असे सांगते की, मसलतीत नानांचा हात धरणारा कोणी नसला, तरी तलवार उपसून रणात उतरणे हे काही त्यांचे क्षेत्र नव्हते. स्वतः लढाई न करता ती कशी करावी हे सांगणाऱ्या माणसाविषयी मराठी मनात असलेला संशय या हिशेबात स्पष्ट उमटला आहे, आणि तो पुढच्या दोनशे वर्षांत फारसा ओसरला असेल असे वाटत नाही. रांजणात डोके अडकलेल्या वासराची सुटका करण्यासाठी ज्या शहाण्याला बोलावले, त्याचा उंट आत यावा म्हणून आधी घराची भिंत पाडली गेली आणि मग त्याने वासराची मान कापण्याची आज्ञा केली, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. अशा मुलुखात दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन, यंत्राला हात न लावता, केवळ चार प्रश्न विचारून आणि चार गोष्टी सांगून त्याबद्दल शुल्क आकारणारा मनुष्य प्रतिष्ठा पावला, हे नवल म्हटले पाहिजे.

व्यवसाय-सल्लागार या जातीचा मराठी माणसांतला सर्वांत खट्याळ प्रतिनिधी कोण, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता शरू रांगणेकर यांचे नाव घेईन. स्वतः उद्योगसंस्थांत व्यवस्थापक म्हणून वावरून मग सल्लागाराच्या आणि प्रशिक्षकाच्या पेशात शिरलेल्या या गृहस्थांचे 'इन द वंडरलँड ऑफ इंडियन मॅनेजर्स' हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी बालवाङ्मयातील ॲलिस ही मुलगी सशाच्या बिळातून ज्या उलट्या नगरीत पडते, तशीच नगरी भारतीय कंपन्यांच्या कचेऱ्यांत नांदते आहे, हे नावातच सुचवणाऱ्या या पुस्तकाला चित्रे होती आर. के. लक्ष्मण यांची. सामान्य माणसाच्या डोळ्यांनी सरकारदरबार पाहणारा कुंचला आणि कारकुनाच्या डोळ्यांनी साहेबाची खोली पाहणारी लेखणी यांचा तो योग होता. त्या काळच्या व्यवस्थापकीय ग्रंथांतील करडी, आकृत्यांनी भरलेली भाषा ज्यांनी अनुभवली असेल, त्यांनाच या योगाची थोरवी कळेल.

रांगणेकरांच्या वचनांपैकी सर्वांत प्रसिद्ध झाले ते निर्णय टाळण्याच्या कलेविषयीचे. आशय असा की, निर्णय टाळता येण्याजोगा असेल तर तो टाळण्यात दिरंगाई करू नये. टाळण्याचे काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेता येत असेल तर ते श्रम आपण घेऊ नयेत. आणि एकट्या माणसाकडून ते होण्यासारखे नसेल तर एक समिती नेमावी. मर्फीच्या नियमांचे जे संग्रह पुढे इंग्रजीत निघाले आणि जगभर वाचले गेले, त्यांत रांगणेकरांच्या नावाने हे नियम थोड्या फरकाने दाखल झाले. असल्या आंतरराष्ट्रीय संग्रहात एखाद्या मराठी आडनावाने नियम नोंदला जाणे ही गोष्ट साधी नव्हे. आपल्याकडे मात्र तिचे कौतुक फारसे कोणी केले नाही. बहुधा तो निर्णय आपण समितीकडे सोपवला असावा.

हे वचन ऐकून हसू येते, परंतु हसून झाल्यावर थोडा विचार केला म्हणजे त्यात थट्टेपेक्षा निरीक्षणाचा भाग मोठा आहे असे दिसून येते. १९७४ साल म्हणजे परवान्यांचा आणि कोट्यांचा काळ. कारखान्याची उत्पादनक्षमता वाढवायची, परदेशी यंत्र मागवायचे, नवा जिन्नस काढायचा, म्हणजे मसुदे तयार करून दिल्लीस रवाना करायचे आणि मग वाट पाहायची. ज्या व्यवस्थेत खरा निर्णय दुसरीकडेच होतो, तीत वाढलेल्या अधिकाऱ्याला निर्णयाची सवय लागणार तरी कशी? शिवाय निर्णय चुकला तर त्याचा जाब द्यावा लागतो, आणि निर्णय घेतलाच नाही तर ठरल्या वयाला ठरलेले निवृत्तिवेतन मिळते, हे ज्याला उमगले तो टाळाटाळ करतो तेव्हा आळशीपणा करीत नसून व्यवहार पाहत असतो. रांगणेकरांनी माणसाच्या अंगचा दोष दाखवण्याचा आव आणला, पण बोट ठेवले ते दोषाला बक्षीस देणाऱ्या रचनेवर, असे मला वाटते.

या परंपरेत ते एकटे नाहीत. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन हे ब्रिटिश नौदलाचे इतिहासकार. मलाया विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन करीत असताना त्यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात एक लेख लिहिला आणि उपलब्ध वेळ भरून निघेपर्यंत काम फुगत जाते हा सिद्धांत मांडला. प्रमाण म्हणून त्यांनी नौदलाचेच आकडे दिले: १९१४ ते १९२८ या काळात सेवेतील मोठी लढाऊ जहाजे ६२ वरून २० वर आली, परंतु नौदल-मुख्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. पुढे १९६९ साली लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्या साहाय्याने असे दाखवले की, चांगले काम करणाऱ्याला बढती मिळत मिळत तो अखेर ज्या जागेचे काम त्याला जमत नाही त्या जागी पोहोचतो आणि तेथेच स्थिरावतो. पार्किन्सनने संख्या मोजली, पीटरने शिडी पाहिली. रांगणेकरांनी मात्र शिडीच्या एका विशिष्ट पायरीवर आपले लक्ष केंद्रित केले, आणि ती पायरी ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाला विशेष ओळखीची आहे.

ती पायरी म्हणजे हाताने काम करणारा माणूस इतरांकडून काम करवून घेणारा होतो, तो क्षण. रांगणेकर आपल्या व्याख्यानांतून आणि लेखनातून हा मुद्दा पुनःपुन्हा मांडीत: प्रत्यक्ष काम निराळे, व्यवस्थापन निराळे, पहिल्यात प्रवीण असल्यामुळेच मनुष्याला दुसऱ्याची जबाबदारी मिळते, आणि त्या प्रावीण्याच्या मोहामुळेच तो दुसरे काम शिकत नाही. उत्तम विक्रेता विक्रीप्रमुख झाला तरी गिऱ्हाइकांकडे स्वतःच धावतो. उत्तम हिशेबनीस मुख्य लेखापाल झाला तरी कनिष्ठाच्या खतावणीतील बेरजा पुन्हा करून पाहतो. मग साहेब रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसतो, हाताखालचे लोक वेळेवर घरी जातात, आणि सगळ्यांचे मत एकच पडते की साहेब फार कष्टाळू आहेत.

आता वागळे इस्टेटकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची ही वसाहत त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत आली. तत्पूर्वी या भागात मोठे कारखाने नव्हते असे नाही. ठाण्यात १९२५ सालची लोकरीची गिरणी होती, जी १९४४ मध्ये सिंघानियांकडे येऊन रेमंड या नावाने देशभर गाजली; कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन होती. परंतु महामंडळाच्या वसाहतींनी जो नवा प्राणी जन्माला घातला, तो गिरणीमालक नव्हता. तो होता एखाद्या मोठ्या कंपनीत टूलरूममध्ये दहा-पंधरा वर्षे घालवलेला टर्नर, फिटर किंवा पदविकाधारक अभियंता. भविष्यनिर्वाह निधीतून आणि बायकोच्या दागिन्यांतून उभ्या केलेल्या पैशांवर त्याने एक गाळा घेतला, एक लेथ बसवली आणि आपल्याच जुन्या कंपनीचे जॉबवर्क घेण्यास सुरुवात केली. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ साली आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ साली निघाली, हा कालक्रमही अर्थपूर्ण आहे. तारणापेक्षा माणूस ओळखणाऱ्या दाराची गरज या वर्गाला होती.

हा कारखानदार तलवारीच्या बाबतीत पूर्ण शहाणा असतो. लेथच्या आवाजावरून बेअरिंग गेले आहे हे त्याला कळते, आणि हजारांश इंचाचा फरक त्याच्या बोटांना जाणवतो. कामगार त्याला 'शेठ' म्हणतात, पण अडचणीचा जॉब आला की शेठच बाह्या सारून यंत्रावर उभा राहतो, आणि तेवढ्या वेळात बाहेर बिलाची वसुली राहते, बँकेचे पत्र अनुत्तरित राहते, मालाचा भाव काय लावावा याचा विचार राहतो. रांगणेकरांनी कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांत जो रोग हेरला, तो या गाळ्यात अधिक तीव्र असतो. कारण कंपनीत निदान वरचा साहेब तरी असतो, येथे शेठच्या वर फक्त छताचा पत्रा.

येथे सल्लागार येतो. कोणी निवृत्त बँक अधिकारी असतो, कोणी मोठ्या कारखान्याचा माजी उत्पादन-प्रमुख, कोणी परिव्ययाचा हिशेब जाणणारा लेखापाल. त्याच्या पहिल्या भेटीचा बराच वेळ नुसता पाहण्यात जातो. कच्चा माल कोठे पडला आहे, त्यावर धूळ किती चढली आहे, परत आलेला माल कोपऱ्यात झाकून ठेवला आहे का, पोरगा स्पॅनर शोधण्यात किती वेळ घालवतो, हे सारे तो टिपतो. मग चलने, बिले आणि बँकेचा उतारा मागतो. पीटर ड्रकर यांनी आपले सल्लागार म्हणून सर्वांत मोठे बळ अज्ञान हेच असून आपण फक्त काही प्रश्न विचारतो, असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि १९४३ पासून जनरल मोटर्ससारख्या अवाढव्य कंपनीचा आतून अभ्यास केलेल्या या विद्वानाचे अज्ञान अर्थातच फार कमावलेले होते. परंतु गोष्ट खरी आहे. 'हा माल आपण का बनवता?' असा साधा प्रश्न आतल्या माणसाला विचारता येत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असायला हवे अशी अपेक्षा असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या कारखान्याची वार्षिक विक्री दोन कोटी रुपयांची आहे आणि गिऱ्हाईक पंचेचाळीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी पैसे देते. जास्तीच्या पंचेचाळीस दिवसांत सुमारे पंचवीस लाख रुपये दुसऱ्याच्या गल्ल्यात अडकून राहतात. बँकेचे व्याज बारा टक्के धरले तरी वर्षाला सुमारे तीन लाखांचा भुर्दंड पडतो, आणि तो कोणत्याही बिलात लिहिलेला नसतो. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगविषयक कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देण्याचे बंधन घातले आहे आणि विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावण्याची तरतूद केली आहे. पण कायद्याचा बडगा उगारला तर पुढची ऑर्डर जाईल, ही शेठची भीती खरी असते. ही भीती गृहीत धरून तगादा कसा लावावा, कोणत्या गिऱ्हाइकाला नम्रपणे सोडून द्यावे आणि कोणाला सूट देऊन रोखीवर आणावे, हे ठरवणे म्हणजे सल्लागाराची मसलत.

हे सारे शेठला अगदीच ठाऊक नसते असे नाही. बहुतेक वेळा त्याला ते ठाऊक असते, रात्री झोपेतून जाग येते तेव्हा तर स्पष्ट दिसते. पण दिवसाउजेडी कोणी तोंडावर सांगितले तर मान दुखावतो. या ठिकाणी विनोद कामास येतो. कीर्तनकार बुवा उत्तररंगात एखाद्या कृपण सावकाराचे आख्यान लावतात, श्रोते पोट धरून हसतात, आणि हसता हसता पुढच्या रांगेतल्या एखाद्याला आपल्याच जमाखर्चाची आठवण होते. बुवांनी त्याचे नावही घेतलेले नसते. चांगल्या सल्लागाराचे वचन या रीतीने काम करते. रांगणेकरांची व्याख्याने ज्या सभागृहांत होत, तेथे श्रोतृवर्गात वरिष्ठ आणि कनिष्ठ शेजारी शेजारी बसलेले असत. दोघेही हसत, आणि प्रत्येकाला वाटे की टोला शेजाऱ्याला बसला. अशी सोय नसती तर कंपन्यांनी स्वतःचा उपहास करणाऱ्याला शुल्क देऊन पुनःपुन्हा बोलावले असते, हे मला शक्य दिसत नाही.

आमच्या भागातील सल्लागारांच्या तोंडी इंग्रजी वचनांपेक्षा म्हणी अधिक असतात, आणि मला त्यांचे हे शस्त्रागार परक्या सुभाषितांपेक्षा सरस वाटते. वेष्टनावर आणि सजावटीवर मालाच्या किमतीपेक्षा अधिक खर्च होऊ लागला की चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला निघतो. भांडारातून माल कोणी किती नेला याची नोंदच नसेल तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं एवढे म्हटले की अधिक अहवालाची गरज उरत नाही. बँकेला देण्याच्या प्रकल्प-अहवालात तिसऱ्या वर्षीची विक्री दुप्पट दाखवणाऱ्याला बाजारातल्या तुरी आठवून दिल्या जातात. गुणवत्ता-प्रमाणपत्र मिळाल्यावर जपानी पद्धतीची स्वच्छता-मोहीम सुरू होते, फलक रंगवले जातात, अवजारांच्या बाह्याकृती भिंतीवर काढल्या जातात, तेव्हा अनुभवी सल्लागार नव्याचे नऊ दिवस मोजू लागतो. म्हण सांगितली की आरोप कोणी केला हे निश्चित होत नाही. तो पूर्वजांनी केलेला असतो, आणि पूर्वजांवर रागावता येत नाही.

या मंडळींच्या प्रिय वचनांचा विषय निघाला आहे तर आणखी एका मराठी सल्लागाराचा उल्लेख केला पाहिजे. रेल्वेत पूल-अभियंता म्हणून सेवा केल्यावर स्वतः व्यवसायात उतरलेल्या माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब स्थापन केला. मराठी उद्योजकांनी नियमाने एकत्र जमावे, एकमेकांच्या धंद्याची ओळख करून घ्यावी आणि ओळखीतून काम मिळवून द्यावे, हा त्याचा हेतू. मुंबईप्रमाणे ठाणे-डोंबिवलीतही त्याच्या शाखा पसरल्या. एकमेकांना साहाय्य करण्याविषयीच्या तुकोबांच्या प्रसिद्ध चरणातील सुपंथाच्या जागी श्रीमंती आणून त्यांनी क्लबचे ब्रीद बनवले. सोवळ्या मनाला ही बाब खटकेल. माझ्या मनाला ती प्रथम खटकली होती. परंतु पैशाचा शब्द मोठ्याने उच्चारण्यास जो समाज लाजतो, त्याला ती लाज सोडण्यासाठी तुकोबांचाच आधार देणे यात भिड्यांनी दाखवलेली चतुराई रांगणेकरांच्या उपरोधाहून कमी प्रतीची नाही. देहूचे तुकोबा स्वतः वाण्याच्या व्यवसायात होते, हेही विसरायला नको.

रांगणेकरांचे वाचक आणि भिड्यांचे सभासद यांत एक भेद आहे, आणि तो या भागाच्या जडणघडणीशी निगडित आहे. डोंबिवली हे प्रथम चाकरमान्यांचे शहर. सकाळच्या लोकलने मुंबईस जाणारे विमा कंपन्यांतले, बँकांतले, सरकारी खात्यांतले आणि मोठ्या खासगी कंपन्यांतले जे हजारो कारकून, हिशेबनीस आणि कनिष्ठ व्यवस्थापक येथे राहत, त्यांना निर्णय टाळण्याची कला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. ती रोज त्यांच्या टेबलावर फाइलीच्या रूपाने येत असे. समितीचा विनोद त्यांना तत्काळ कळे. गाळ्यातल्या शेठला मात्र समिती परवडत नाही. त्याचा निर्णय लांबला तर लेथ थांबते, आणि शनिवारी पगार द्यायचा असतो. त्याचा रोग नेमका उलटा: तो सगळेच निर्णय स्वतः घेतो, स्क्रू कोणत्या दुकानातून आणावा इथपर्यंतचे, आणि म्हणून त्यांतले महत्त्वाचे दोन-चार घाईत चुकतात.

आता सल्लागारांविषयी एक कटू गोष्ट. रांगणेकरांच्या नियमाचा रोख त्यांच्या स्वतःच्या पेशावरही वळतो. मोठ्या कंपनीत एखादा कारखाना बंद करायचा किंवा माणसे कमी करायची असे आत आधीच ठरलेले असते, परंतु त्याखाली सही करण्यास कोणी धजत नाही, तेव्हा भारी शुल्क देऊन सल्लागार नेमला जातो; तो सहा महिन्यांनी जाडजूड अहवाल देतो, त्यात तेच लिहिलेले असते, आणि मग पाप अहवालाच्या माथी मारता येते. याउलट, काहीच करायचे नसेल तरीही सल्लागार उपयोगी पडतो. अहवाल येईपर्यंत विषय स्थगित ठेवता येतो आणि आल्यावर त्याच्या अभ्यासासाठी उपसमिती नेमता येते. समिती आणि सल्लागार यांत भेद एवढाच की, समितीच्या चहापाण्याचा खर्च तुलनेने कमी असतो.

वागळे इस्टेटच्या किंवा डोंबिवलीच्या गाळ्यात हा खेळ चालत नाही, कारण तेथे सल्लागाराचे शुल्क शेठच्या खिशातून जाते आणि ते देताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वस्तू दिसते, तिचे वजन करता येते. सल्ल्याचे वजन कशात करावे? म्हणून या भागातले जाणते सल्लागार पहिल्या बैठकीत मोठ्या सुधारणांची भाषा करीत नाहीत. ते प्रथम अडकलेली उधारी सोडवून देतात, किंवा वर्षानुवर्षे कोपऱ्यात गंजत पडलेला माल भंगारात विकून रोकड हाती देतात, आणि ती रोकड शेठने मोजल्यावर मग हळूच शुल्काचा विषय काढतात. वसाहतीतील पुष्कळसे गाळे आता गेले आहेत. त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि मोहन्याचा रेयॉन कारखाना व ठाण्याची रेमंड गिरणी २००९ सालापासून बंद आहेत. उरलेल्या गाळ्यांत दुसरी पिढी आली आहे. ती अभियांत्रिकीनंतर व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेली आहे, सल्लागाराला 'सर' म्हणते आणि आलेख संगणकावर दाखवते. वडील अजूनही दुपारी येऊन यंत्रावर उभे राहतात, आणि त्यांना तेथून घरी कसे पाठवावे हा प्रश्न घेऊन ही मुले सल्लागाराकडे येऊ लागली आहेत.